जिल्हा झाला, आता माणसे आणि पैसे कुठे आहेत ते विचारू या



परवा तळपणच्या धक्क्यावर सभासदांचे डिझेलचे कागद तपासत बसलो होतो. आमचे एक जुने तांडेल जाळे शिवत होते. त्यांनी मान वर न करताच विचारले, "जिल्लो जालो म्हणटात. पूण म्हजें काम आतां खंय जातलें?"

मी लगेच उत्तर दिले, "केपेला." ते म्हणाले, "केपेला कोण बसतलो?"

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. घरी येऊन रात्रभर तोच प्रश्न डोक्यात राहिला, म्हणून हे लिहितो आहे. थोडे लांब आहे, पण वेळ काढून वाचा. हे राजकारण नाही. हा तुमच्या होडीच्या, जाळ्याच्या आणि पुढच्या वादळाच्या पंचनाम्याचा विषय आहे.

काय झाले ते आधी बघू. २०२५ सालच्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, गोव्याचा तिसरा जिल्हा जाहीर झाला. नाव कुशावती. केपे, सांगे, काणकोण आणि धारबांदोडा हे चार तालुके त्यात आले. मुख्यालय केपे. दक्षिण गोव्यात आता सासष्टी, मुरगाव आणि फोंडा राहिले. १९८७ साली राज्य झाल्यापासून आपल्याला दोनच जिल्ह्यांची सवय होती. मडगाव म्हणजे आपले जिल्ह्याचे गाव, हे आपल्या अंगवळणी पडले होते.

तारीख तीच का, हेही समजून घ्या. येणाऱ्या जनगणनेसाठी तालुक्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा ३१ डिसेंबर २०२५ ला गोठवायच्या, असे केंद्राने सगळ्या राज्यांना कळवले होते. त्यानंतर जनगणना होईपर्यंत सीमा हलवता येत नाही. म्हणजे जिल्हा आधी कागदावर आला. कचेऱ्या, माणसे आणि पैसे यांचे काम मागाहून करायचे आहे. ते काम आता सुरू होते आहे, आणि म्हणूनच बोलायची वेळही आताच आहे. एकदा खुर्च्या वाटून झाल्या की नंतर कोण ऐकणार?

मी नव्या जिल्ह्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो. आपला काणकोण कायम टोकाचा तालुका राहिला. करमल घाट उतरून मडगावला जायचे, तिथे काम झाले नाही तर पणजी. पोळे किंवा लोलयेच्या माणसाचा एका सहीसाठी सगळा दिवस जातो. होडीवर जाणाऱ्या माणसाचा दिवस गेला म्हणजे त्या दिवसाची मासळी गेली. पगारदार माणूस रजा टाकतो. आपण कोणाकडे टाकणार? मुख्यालय जवळ येते आहे आणि जिल्हा लहान होतो आहे, तर चांगलेच आहे.

पण एक गोष्ट नकाशा घेऊन बघा. चावडीहून निघालात की घाट ओलांडून बाळ्ळीपर्यंत रस्ता तोच आहे. तिथून मडगाव सरळ आणि केपे उजवीकडे. म्हणजे आपल्यासाठी अंतर फारसे कमी झालेले नाही. मडगावला निदान दर थोड्या वेळाने बस आहे. तेव्हा फक्त मुख्यालय बदलून आपली खेप वाचत नाही. खेप वाचते ती दोन गोष्टींनी. एक, गेल्यावर खुर्चीत माणूस असला तर. दोन, जावेच लागले नाही तर.

आता आपल्या पोटाची गोष्ट.

जुन्या दक्षिण गोव्यात किनारा मोठा होता. मुरगाव, सासष्टी, केपेचा थोडा भाग आणि काणकोण. मडगावच्या कचेरीत किनाऱ्याचा माणूस नवा नव्हता. वास्को, कुटबण, कोलवा, सगळीकडून मच्छीमार तिथे जायचे. कुटबणच्या ट्रॉलरवाल्यांनी आवाज केला की कोणीतरी ऐकायचे, आणि त्याच आवाजात आपलेही थोडे काम होऊन जायचे.

नव्या जिल्ह्यात तसे नाही. सांगे आणि धारबांदोडा यांना समुद्रच नाही. केपेला बेतूलच्या बाजूचा थोडा किनारा आहे. उरलेला सगळा किनारा काणकोणचा. २०११ च्या जनगणनेत काणकोण तालुक्याची लोकसंख्या ४५,१७२ होती. केपेची ८१,१९३ आणि सांगेची ६५,१४७. धारबांदोडा पुढे सांग्यातूनच वेगळा झाला. बेरीज १ लाख ९१ हजार ५१२ होते. म्हणजे जिल्ह्यात आपण चौथा हिस्साही नाही. आणि काणकोणचे सगळेच काही मासळीवर जगत नाहीत. खोतीगाव, गावडोंगरीचे लोक शेती आणि डोंगरावर जगतात.

सरळ सांगायचे तर, आपण किनाऱ्याच्या जिल्ह्यातून डोंगर, रान आणि खाणींच्या जिल्ह्यात गेलो. त्या लोकांचे प्रश्न लहान नाहीत. मोले, नेत्रावळीच्या आदिवासी घराला दवाखाना आणि रस्ता हवा आहे, ते दुःख आपल्यापेक्षा कमी नाही. त्यांच्या तोंडचा घास आपल्याला नको. पण जिल्ह्याची रचना करताना "इथे मच्छीमारही आहेत" हे कोणी सांगितले नाही तर फाईल लिहिणाऱ्याच्या लक्षातही राहणार नाही. हा कोणाचा वाईट हेतू नसतो. जो समोर नसतो तो विसरला जातो, एवढेच.

आता बघू, जिल्ह्याच्या पातळीवर आपली कुठली कामे असतात. बरेच जण म्हणतात, "आमचे काम मामलेदार आणि मत्स्योद्योग खात्याकडे, जिल्हाधिकाऱ्याशी आमचा काय संबंध?" संबंध आहे.

पहिले म्हणजे वादळ. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि जिल्हा पंचायतीचे अध्यक्ष सहअध्यक्ष. मे २०२१ चे तौक्ते आठवा. त्या रात्री कोणाला फोन करायचा, होड्या कुठे ओढायच्या, दुसऱ्या दिवशी पंचनामा कोण करणार, हे सगळे जिल्ह्याकडून हलते. होडी आणि जाळी गेली तर आपत्ती निधीतून मदत मिळते, पण पंचनामा वेळेत आणि नीट झाला तरच. पंचनामा करणारा माणूस जाग्यावर नसला तर निधी कितीही असो, आपल्याला त्याचा उपयोग नाही.

दुसरे म्हणजे सीआरझेड. २०११ च्या किनारी नियमन क्षेत्र अधिसूचनेत जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समिती सांगितली आहे. तिच्यात स्थानिक पारंपरिक किनारी समाजाचे निदान तीन प्रतिनिधी पाहिजेत, मच्छीमारांसह. नवा जिल्हा म्हणजे नवी समिती. त्या तीन खुर्च्यांवर कोण बसणार? गालजीबाग, आगोंदला कासवांमुळे बंधने आहेत. राजबाग, पाळोळेला हॉटेलांचा जोर आहे. आपल्या होड्या ओढायची जागा, जाळी सुकवायची जागा याच कागदांवर राहते किंवा जाते. आपण नावे दिली नाहीत तर दुसरा कोणी देईल.

तिसरे म्हणजे झेडपी. गेल्या २० डिसेंबरला आपण सगळ्यांनी दक्षिण गोवा जिल्हा पंचायतीसाठी मत दिले. अकरा दिवसांनी आपला जिल्हाच वेगळा झाला. आपण निवडून दिलेले सदस्य मडगावच्या सभागृहाचे आणि आपण कुशावतीचे. राज्यघटनेत जिल्हा पातळीवर पंचायत सांगितली आहे. जिल्हा नियोजन समितीही सांगितली आहे, आणि तिचे निदान चार पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावे लागतात. म्हणजे नव्या जिल्ह्याची जिल्हा पंचायत नसेल तर नियोजन समिती कशी होणार? आणि आपत्ती प्राधिकरणाच्या सहअध्यक्षाची खुर्ची कोणाची? हे प्रश्न मी चिडून विचारत नाही. उत्तर तारखेसह लेखी मिळावे एवढीच इच्छा आहे.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे द्यायचे २९ विषय आहेत. त्यात पाचवा विषय मत्स्यव्यवसाय. गोव्याचा पंचायत राज कायदा १९९४ चा, झेडपीची पहिली निवडणूक २००० ची. इतक्या वर्षांत तुमच्यापैकी कोणी मासळीच्या कामासाठी झेडपीत गेला आहे का? मी सचिव असून गेलो नाही, कारण तिथे ते काम होत नाही. सदस्य कुठल्याही पक्षाचे असोत, त्यांची तक्रार एकच असते: निधी नाही, माणूस नाही, अधिकार नाही. विषय कागदावर दिला आणि त्याच्याबरोबर पैसा आणि माणूस दिला नाही की असे होते. नव्या जिल्ह्याचे तसेच होऊ नये, ही माझी खरी भीती आहे.

चौथे म्हणजे सीमा. साळ नदीच्या मुखाचे बघा. एका बाजूला मोबोर, दुसऱ्या बाजूला बेतूल. कुटबणची जेटी वेळ्ळीत, म्हणजे सासष्टी तालुक्यात. बेतूल केपे तालुक्यात. मुख एक, गाळ एक, पट्टा एक, पण जिल्हे आता दोन. होडी त्या मुखावर आपटली आणि माणूस पाण्यात पडला तर पहिला फोन केपेला करायचा की मडगावला? समुद्रात जिल्ह्याची रेषा कोणी ओढत नाही. पण फोन उचलणारा "हे आमच्याकडे येत नाही" म्हणू शकतो. हे दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी बसून आधीच ठरवून घ्यायला हवे. जूनमध्ये पाऊस लागल्यावर ठरवून उपयोग नाही.

आता पैशाकडे येतो.

नव्या जिल्ह्याला तीन तऱ्हेचा खर्च असतो. एक इमारतीचा. दुसरा पगाराचा. तिसरा रोजच्या चालवण्याचा: गाडी, डिझेल, वीज, कागद, कॉम्प्युटर. इमारतीचा खर्च डोळ्यांना दिसतो. पायाभरणी होते, फोटो येतो. पगाराचा आणि चालवण्याचा खर्च दिसत नाही, पण काम त्याच्यानेच होते. आपल्या संस्थेचेच बघा. बर्फाची खोली बांधणे सोपे, अनुदान मिळते. महिन्याच्या महिन्याला विजेचे बिल भरायला कोण अनुदान देते?

काही लोक म्हणतात, "केंद्राकडून पैसा येईल." कुठला येईल ते बघू या. पंधराव्या वित्त आयोगाचे पंचायतींसाठी अनुदान आहे, त्याची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेले. उरलेले ४० टक्के मोकळे, पण तेही पगार आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाहीत. म्हणजे त्या पैशातून गटार होईल, नळ होईल, कारकून बसणार नाही. दुसरे नाव घेतात ते आकांक्षी जिल्हा कार्यक्रमाचे. तो जानेवारी २०१८ ला ११२ जिल्हे घेऊन सुरू झाला. त्याचे मुख्य काम आहे त्याच योजना एकत्र आणून मागास जिल्ह्यात जोर लावण्याचे. ती पैशाची वेगळी पेटी नव्हे. मिळाला तर घ्यावा, पण त्याच्यावर भरवसा ठेवून जिल्हा चालणार नाही.

म्हणजे पगार राज्यानेच द्यायचा. आणि आपले राज्य लहान आहे. २०११ ला सगळ्या गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार, तर एकट्या रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख १५ हजार. त्यांच्याकडे एक जिल्हाधिकारी, आपल्याकडे आता तीन. कोणी म्हणेल ही उधळपट्टी. मी तसे म्हणत नाही. घाट आणि नद्या बघता लहान जिल्ह्याचा फायदा आहे. पण माणशी खर्च वाढणार हे मान्य करायला हवे, आणि वाढलेला खर्च साहेबांच्या केबिनमध्ये न जाता खिडकीवरच्या माणसावर व्हायला हवा.

शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. आपल्यासारखाच, एका बाजूला सातपाटी, डहाणू, वसईचे मच्छीमार, दुसऱ्या बाजूला जव्हार, मोखाड्याचे आदिवासी डोंगर. तिथे स्वतंत्र जिल्हा परिषद पुढच्याच वर्षी आली. पण जिल्हा मुख्यालयाची स्वतःची इमारत व्हायला २०२१ उजाडले. सात वर्षे. ती सिडकोने बांधली, बदल्यात सरकारने जमीन दिली. यातून दोन गोष्टी दिसतात. इमारत नसतानाही जिल्हा चालवता येतो, माणसे असली तर. आणि रोख पैसा नसला की जमिनीकडे हात जातो. आपल्याकडे जमीन किती आणि कोणाची, हे मी सांगायला नको.

दुसरे उदाहरण अजून जवळचे, सिंधुदुर्ग. १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा झाला. मुख्यालय ओरोसला, किनाऱ्यापासून आत. पण मत्स्यव्यवसाय खात्याचे सहाय्यक आयुक्त कुठे बसतात? मालवणला. होड्या जिथे आहेत तिथे. हा साधा शहाणपणा आहे आणि तो आपल्यालाही मागता येतो. जिल्हाधिकारी खुशाल केपेला बसोत. मासळीचे कार्यालय मात्र काणकोणला हवे.

आता माणसांचे. नव्या जिल्ह्याला माणूस चार वाटांनी येतो. जुन्या जिल्ह्यातला अर्धा इकडे पाठवतात. दुसऱ्या खात्यातून तात्पुरता आणतात. कंत्राटावर घेतात. नाहीतर नवी भरती करतात. नवी भरती म्हणजे आधी पदाला मंजुरी, मग वित्त खाते, मग कर्मचारी निवड आयोगाची परीक्षा. वेळ लागतो. म्हणून पहिली काही वर्षे पाचवी वाट चालते, तिला म्हणतात अतिरिक्त कार्यभार. एकाच साहेबाकडे दोन ठिकाणची खुर्ची.

हे काय असते ते मी भोगले आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सभासदाची होडी वाऱ्याने खडकावर फुटली. माणसे वाचली, पण इंजिन गेले. मी त्यांच्याबरोबर कागद घेऊन एका कार्यालयात गेलो. नाव घेत नाही, कारण तिथल्या कारकुनाचा दोष नव्हता. साहेबांकडे दोन ठिकाणचा कार्यभार होता. ते आठवड्यातून दोन दिवस इथे, बाकी तिकडे. त्या दोन दिवसांत बैठक आली की तो दिवसही गेला. आम्ही पाच खेपा मारल्या. तिसऱ्या खेपेला कळले की एक कागद कमी आहे. हे पहिल्या दिवशी सांगणारा कोणी नव्हता. चौथ्या खेपेला साहेब रजेवर. पाचव्या खेपेला सही झाली, तोवर हंगाम अर्धा संपला होता. सभासदाने तोपर्यंत सावकाराकडून पैसे काढून दुसरे इंजिन घेतले होते. मदत आली ती व्याजात गेली.

त्या घरची बाई मला एकदा म्हणाली, "भाऊ, सरकारने दिले नाही असे मी म्हणणार नाही. दिले, पण वेळेला दिले नाही." मला हे वाक्य विसरता येत नाही. रिकामी खुर्ची म्हणजे काय ते त्या घराला विचारा.

म्हणून मी म्हणतो, कुशावतीत मंजूर पद आणि भरलेले पद हे दोन वेगळे आकडे आपण कायम मागत राहिले पाहिजे. "कार्यालय सुरू झाले" एवढे ऐकून खूश व्हायचे नाही. किती पदे, किती भरली, आणि त्यातली किती अतिरिक्त कार्यभारावर?

तरुण पोरे म्हणतील, "सगळे ऑनलाईन झाले, आता कार्यालय कशाला?" बरोबर आहे, होडीची नोंदणी पोर्टलवर होते, अर्जही मोबाईलवर जातो. पण होडी मोजायला पोर्टल येत नाही. इंजिनचा नंबर बघायला, फुटलेली फळी बघायला माणूस धक्क्यावर यावा लागतो. आणि आपल्या कितीतरी म्हाताऱ्या सभासदांचे ओटीपी माझ्याच मोबाईलवर येतात, हे तुम्हाला माहीत आहे. ऑनलाईनमुळे अर्जाची खेप वाचली, पाहणीची वाचली नाही.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. "आत्ताच जिल्हा झाला, जरा दम धरा, लगेच मागण्या कशाला?" दम धरायला हरकत नव्हती. पण राज्याचा अर्थसंकल्प येतो आहे. त्यात कुशावतीसाठी पदांचा आणि पगाराचा पैसा लिहिला गेला तर तो मिळेल. लिहिला नाही तर पुढच्या वर्षापर्यंत "तरतूद नाही" हेच उत्तर. आणि १ जूनला बंदी लागते. दोन महिने होड्या वर, दुरुस्त्या, कागद, अनुदानाचे अर्ज सगळे त्याच काळात. शिवाय पावसाळ्याच्या तोंडावरची वादळे. तेव्हा नव्या जिल्ह्याचा पहिला पावसाळा आपल्यासाठी परीक्षेचा आहे. तयारी आत्ताच व्हायला हवी.

संस्थेच्या वतीने मी पुढील मागण्या मांडतो आहे. कमीजास्त वाटले तर सांगा.

१) जिल्ह्याचे मत्स्योद्योग कार्यालय काणकोण तालुक्यात असावे. तिथे पूर्ण वेळचा अधिकारी आणि पाहणीसाठी फिरणारा माणूस असावा. बेतूलच्या बांधवांसाठी आठवड्यातून ठरलेल्या दिवशी तो अधिकारी तिथे जावा, म्हणजे त्यांना घाट चढावा लागणार नाही.

२) आपत्ती प्राधिकरणाचा चोवीस तासांचा फोन आणि पंचनाम्याची माणसे मे महिन्याच्या आत ठरावीत. साळ नदीच्या मुखासाठी दोन्ही जिल्ह्यांची मिळून एक लेखी व्यवस्था असावी.

३) सीआरझेड जिल्हा समितीत मच्छीमारांचे प्रतिनिधी संस्थांकडून आणि गावांकडून नावे मागवून घ्यावेत. काणकोण आणि बेतूल दोन्हीकडचे असावेत. रापणकारालाही जागा असावी, फक्त ट्रॉलरमालकाला नको.

४) कुशावतीच्या जिल्हा पंचायतीचे काय, आणि आपण निवडून दिलेले सदस्य तोपर्यंत कुठे बसणार, ते सरकारने तारखेसह जाहीर करावे. जिल्हा पंचायत येईल तेव्हा मत्स्यव्यवसायाचा विषय निधी आणि कर्मचारी यांच्यासह द्यावा. नुसता विषय नको.

५) मंजूर पदे आणि भरलेली पदे दर तीन महिन्यांनी कार्यालयाच्या फळ्यावर लावावीत.

यात इमारत कुठेच मागितलेली नाही, हे लक्षात घ्या. भाड्याच्या खोलीत बसा, शाळेच्या जुन्या वर्गात बसा, आमची हरकत नाही. खोलीत माणूस बसलेला असावा.

आता आपल्याकडून काय व्हायला हवे. आपण मच्छीमार सभेत जोरात बोलतो आणि मग पहाटे दर्यात जातो, कागद मागे राहतो. सरकार कागद वाचते. म्हणून संस्थेच्या कार्यालयात मी एक वही ठेवली आहे. तिला "खेपांची वही" म्हणू या. सरकारी कामासाठी कुठेही गेलात, चावडी, केपे, मडगाव, पणजी, की परत आल्यावर चार गोष्टी लिहायच्या: तारीख, कशासाठी गेलात, काम झाले की नाही, आणि झाले नसेल तर कारण. साहेब नव्हते, कागद कमी, नेट बंद, जे असेल ते. कोणाचे नाव लिहायचे नाही, शिवी तर मुळीच नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मला फोनवर सांगा, मी लिहितो. बायकांनीही लिहा. मासळी विकणाऱ्या बायकांच्या खेपा तर कोणी मोजतच नाही.

तीन महिन्यांनी ही वही घेऊन आपण आमदार, झेडपी सदस्य आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. शंभर खेपांतल्या किती रिकाम्या गेल्या हे आपल्या हातात लेखी असेल. मग कोणी "सगळे सुरळीत चालू आहे" म्हणाला तर भांडायची गरज नाही. वही पुढे सरकवायची.

इतर गावांच्या संस्थांनाही विनंती आहे, तुम्हीही अशी वही ठेवा. बेतूलच्या बांधवांशी मी बोलणार आहे. आपण आजवर त्यांना केपेवाले म्हणायचो, आता एकाच जिल्ह्याचे झालो. किनारा लहान आहे, त्यात आपापसात ट्रॉलर, रापण, कांडाळी असे गट करून भांडलो तर केपेच्या कचेरीत आपला आवाज पोचणारच नाही. दर्यातले भांडण दर्यात ठेवा. कचेरीत एक होऊन जा.

पुढच्या मासिक सभेत हा विषय पहिला घेतला आहे. पत्राचा मसुदा तिथे वाचून दाखवीन. येताना ज्यांच्याकडे जुन्या अर्जांच्या पोचपावत्या आहेत त्यांनी त्या आणा. मडगावला पडलेल्या फाईली आता केपेला जाणार की तिथेच राहणार, हे प्रत्येकाचे प्रत्येकाला शोधायला लागेल. पोचपावती नसेल तर फाईल शोधणे कठीण आहे, एवढे आजच सांगून ठेवतो.

आणि त्या तांडेलांना माझे उत्तर अजून द्यायचे राहिले आहे. "केपेला कोण बसतलो?" सभेला या, सगळे मिळून विचारू.



आपला,
सचिव